पीएच.डी. की डीएसडब्ल्यू?

अमेरिकेत समाजकार्यात डॉक्टरेट करायची, तर आधी एक गोष्ट ठरवावी लागते: पुढची वर्षे संशोधनात घालवायची की प्रत्यक्ष कामात?

पीएच.डी. संशोधक आणि प्राध्यापक घडवते. ती बहुधा पूर्णवेळ असते, पण अनेक विद्यापीठे फी माफ करून विद्यावेतनही देतात.

डीएसडब्ल्यू (डॉक्टर ऑफ सोशल वर्क) ही अनुभवी कार्यकर्त्यांची पदवी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २००७ मध्ये तिला व्यवसायाभिमुख रूप दिले. दिवसा रुग्णालयात मनोरुग्णांच्या नातेवाइकांशी बोलणारी समाजसेविका नोकरी न सोडता, संध्याकाळच्या ऑनलाइन तासांना बसून ती तीनेक वर्षांत पुरी करू शकते. फी मात्र बहुतेकदा स्वतःच्याच खिशातून जाते. प्रवेशाआधी हा हिशेब मांडलाच पाहिजे.

पुढे भारतात परतून विद्यापीठात शिकवायचे असेल, तर पीएच.डी.च धरावी. इथल्या प्राध्यापकपदाच्या नियमांत तीच ओळखीची आहे.