भुतांच्या नांवांची कुळकथा

भुतें खरीं कीं खोटीं हा वाद आज बाजूस ठेवूं. त्यांचीं नांवें मात्र खरीं आहेत.

विहिरी-तळ्यांपाशीं पूजिल्या जाणाऱ्या साती आसरा घ्या. 'आसरा' म्हणजे संस्कृत 'अप्सरा'. 'अप्' म्हणजे पाणी. पाण्यांत संचरणारी ती अप्सरा, अशी जुनी व्युत्पत्ति आहे. पुराणांनीं तिला इंद्रसभेंत नाचविलें. लोकांनीं तिला पाण्यापाशींच ठेविलें. 'जखीण' ही प्राकृत 'जक्खिणी'च्या वाटेनें आलेली यक्षिणी. 'खवीस' हा अरबी 'खबीस', म्हणजे दुष्ट. भुतांनाही परप्रांत वर्ज्य नाहीं!

कांहीं नांवांत मात्र भीतीहून दुःखच अधिक आहे. मुंज-तृणाची मेखला कमरेस बांधली गेली, पण सोडमुंजीपूर्वींच जो बटु गेला, तो 'मुंजा'. मेल्यावरही ज्याचा घराशीं वा धनाशीं 'संबंध' तुटला नाहीं, तो 'समंध'.

१९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि बेलापूर-पनवेलकडील भातशेतांवर नवी मुंबई उभी राहिली. विहीर बुजली कीं आसरांचें ठाणें जातें आणि ठाण्यामागून शब्दही जातो. भीति गेली तर उत्तमच. पण घरांतील वृद्धांना विचारून हे शब्द तेवढे टिपून ठेवावे.