वाळूची ऊब आणि वेलासचे पाहुणे
(लेखमाला : तापत्या जगातलं पर्यटन, लेखांक ६)

ऑलिव्ह रिडले कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे आईबापाकडून आलेल्या गुणसूत्रांवर ठरत नाही. ज्या वाळूत अंडं पुरलेलं असतं, तिच्या उबेवर ते ठरतं. साधारण २९ ते ३१ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात एक सीमारेषा आहे. वाळू तिच्यापेक्षा गार राहिली तर नर जास्त, गरम राहिली तर माद्या जास्त. ऊब आणखी वाढून बराच काळ तशीच टिकली, तर पिल्लं अंड्यातच मरू लागतात. अंडी उबण्याच्या काळाचे तीन भाग केले, तर मधल्या भागातली ऊब हा निवाडा करते.

मागच्या आठवड्यात आपण मालवणच्या पाण्यातली प्रवाळं पाहिली. समुद्र तापला की ती पांढरी पडतात आणि ती पाहायला येणाऱ्यांवर जगणाऱ्या माणसांच्या पोटाला चिमटा बसतो. या वेळी किनाऱ्याने उत्तरेकडे, मंडणगड तालुक्यातल्या वेलासला जाऊ. सावित्री नदी बाणकोटजवळ समुद्राला मिळते, तिच्या दक्षिणेचं हे गाव. नाना फडणवीसांच्या घराण्याचं मूळ गाव म्हणून इतिहासाच्या वाचकांना ते माहीत असतं. गेली काही वर्षं मात्र ते कासवांचं गाव म्हणून ओळखलं जातं.

ही ओळख आपोआप मिळालेली नाही. कोकणच्या पुळणीवर कासवं पिढ्यान् पिढ्या अंडी घालत आली आणि ती अंडी माणसं, कुत्री, कोल्हे खात आले. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेची मंडळी, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी किनारा फिरत होती. वेलासला त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि तिथून घरटी राखायचं काम सुरू झालं. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. आलेले पाहुणे हॉटेलात उतरले नाहीत, कारण गावात हॉटेल नव्हतंच. ते घरांत उतरले, ओटीवर झोपले, घरचं जेवले. पैसा थेट घरातल्या बाईच्या हातात पडला. विकलेल्या अंड्यापेक्षा राखलेलं अंडं गावाला जास्त देतं, हे हिशेबाने सिद्ध झालं. शाश्वत पर्यटन हा शब्द सरकारी पत्रकांत फार स्वस्त झाला आहे. वेलासने त्याला अर्थ दिला, असं मी मनापासून मानतो.

काम कसं चालतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा पेच तिथेच आहे. हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. मादी रात्री वाळूवर चढते, मागच्या पायांनी मडक्याच्या आकाराचा दीड फुटाचा खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ओढून घेते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा मागे वळून पाहत नाही. पहाटे कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावकरी, तिच्या पावलांचा माग काढत घरट्यापर्यंत येतात. अंडी काही तासांतच हलवावी लागतात, कारण एकदा गर्भ आतल्या बाजूला चिकटला की अंडं फिरवल्याने तो दगावू शकतो. मग कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा करून अंडी पुरतात. शेजारी तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लागते. पिल्लं निघायची वेळ जवळ आली की वर टोपली ठेवतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलायची, आत पिल्लं असतील तर ती भरतीच्या रेषेपासून थोडी अलीकडे सोडायची. दोरीच्या मागे उभे राहिलेले पाहुणे ती समुद्राकडे जाताना पाहतात.

आता ऊब. किनाऱ्यावर घरटी आपसूक विखुरलेली असतात. एखादं सुरूच्या सावलीत, एखादं ओल्या वाळूजवळ, एखादं दिवसभर उन्हात. त्यामुळे एकाच हंगामात कुठे गार, कुठे गरम अशी ऊब मिळून नर आणि माद्या दोन्ही निपजतात. हॅचरीत मात्र सगळी घरटी एका छोट्या चौकटीत येतात. कुत्र्या-कोल्ह्यांपासून ती वाचतात, पण सगळ्यांचं ऊन एकच होतं. म्हणजे हॅचरीची जागा, तिच्यावरची सावली, खड्ड्याची खोली यांनी कासवांच्या पुढच्या पिढीतलं नर-मादीचं प्रमाण ठरतं. रात्री-अपरात्री जागून घरटी राखणाऱ्या गावकऱ्याच्या हाती एवढी मोठी गोष्ट आहे, हे शहरातल्या आपल्या लक्षातही येत नाही.

हंगामातही फरक पडतो. डिसेंबरमध्ये घातलेली अंडी थंडीतल्या वाळूत उबतात, वेळ जास्त घेतात. मार्चमधली अंडी एप्रिलच्या कडक उन्हात भराभर उबतात. सगळी गणितं ४५ ते ६० दिवसांच्या आत-बाहेर फिरतात. नर मिळायचे ते मुख्यतः थंडीतल्या घरट्यांतून. थंडीच आखडली, किंवा पावसाळा आणि वादळं लांबल्याने अंडी घालायला उशीर झाला, तर नेमका हाच वाटा कमी होणार. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या कमी वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. ती जात वेगळी, किनारा वेगळा. तोच आकडा कोकणाला लावता येणार नाही. पण वाळूचा नियम दोन्हीकडे एकच आहे. आणि ऑलिव्ह रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, त्यामुळे आजच्या उन्हाचा परिणाम दिसायला तेवढा काळ जाईल.

वादळांची कथा अधिक ठळक आहे. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या निम्म्याहून अधिक वाढली, असं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळं एकाच वेळी या समुद्रात होती. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, सावित्रीच्या खाडीच्या अलीकडे मंडणगड-दापोलीचा किनारा, सगळीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली की उत्पन्न हाती यायला सात-आठ वर्षं. त्या वर्षी कोरोनाने पाहुणेही थांबवले होते. बाग आणि पाहुणा ही घराची दोन उत्पन्नं एकाच हंगामात गेली. पर्यटनाने शेतीला आधार द्यायचा की शेती सोडवायची, हा प्रश्न म्हणूनच कोकणात फार गंभीर आहे. वाडी राखून पाहुणे घेणारं घर वादळानंतर सावरतं. वाडी तोडून खोल्या बांधलेलं घर एका रिकाम्या मोसमात कर्जात जातं.

वादळाने पुळण खचली की सरकार आणि गाव दोघेही धूपप्रतिबंधक बंधारा मागतात. घरं वाचवायला काही ठिकाणी तो लागतोच. पण दगडांच्या भिंतीवर कासव चढत नाही. जिथे किनाऱ्यामागे मोकळी जागा आहे, तिथे ती मोकळीच ठेवणं हा सर्वांत स्वस्त बंधारा आहे. समुद्राला अगदी लागून रिसॉर्ट बांधायला परवानगी मागणाऱ्यांना हे कुणीतरी ठामपणे सांगायला हवं. रिसॉर्टचे दिवेही मारक ठरतात: पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, आणि अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या बाजूला असतो; हे दिवे त्यांना उलट जमिनीकडे ओढतात.

आता पाहुण्यांकडे येऊ. आपण शनिवार-रविवार पाहून खोली ठरवतो. वाळूला वार कळत नाही. तापमान एक-दोन अंशांनी इकडे-तिकडे झालं की पिल्लं निघण्याची तारीख काही दिवसांनी सरकते, आणि जसजसं हवामान लहरी होईल तसा अंदाज अधिक चुकेल. “एवढ्या लांबून आलो, एक तरी पिल्लू दाखवा,” हा आग्रह इथून सुरू होतो. घरट्यातून वर आलेल्या पिल्लाजवळ पोटातल्या बलकाची मोजकी शिदोरी असते. तिच्यावर ते पहिला जवळजवळ एक दिवस न थांबता पोहतं आणि शिकारी माशांनी भरलेलं उथळ पाणी ओलांडतं. दुपारची पिल्लं संध्याकाळच्या गर्दीसाठी टबात ठेवली, तर ती शिदोरी टबातच संपते. म्हणून ज्या गावात “आज पिल्लं नाहीत” असं पाहुण्याला तोंडावर सांगतात, त्या गावावर विश्वास ठेवावा. तिथे पुन्हा जावं.

प्रवासाचा भारही आपलाच. पर्यटनातून होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे आठ टक्के आहे आणि त्यातला मोठा वाटा वाहतुकीचा. मुंबई किंवा पुण्याहून वेलासला जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या आसपास होतात. लिटरला सोळा किलोमीटर देणारी गाडी २५ लिटर पेट्रोल जाळते, म्हणजे सुमारे ५८ किलो कार्बन डायऑक्साइड. एकट्याने गेलात तर सगळा तुमच्या नावावर, चौघं गेलात तर प्रत्येकी साडेचौदा. मंडणगडची एसटी धरली तर त्याहून कमी. एका रात्रीसाठी धावत जाण्याऐवजी तीन रात्री राहावं, हा सल्ला मी देतो तो याचसाठी. बाणकोटचा किल्ला आहे, वेश्वी-बागमांडल्याची फेरीबोट आहे, खाडीतली कांदळवनं आहेत, थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. मुक्काम लांबला की गावाचं उत्पन्न एका सकाळच्या टोपलीवर अवलंबून राहत नाही.

वाळू गार ठेवण्याचे उपाय माहीत आहेत: हॅचरीवर जाळीची सावली, हंगामाच्या शेवटी थोडे खोल खड्डे, गरज पडल्यास पाण्याचा शिडकावा. मात्र सरसकट सावली घातली तर उलट माद्या कमी होतील, म्हणून आधी मोजमाप हवं. वाळूत पुरून ठेवायचे छोटे तापमाननोंदक मिळतात. महोत्सवाच्या तिकिटातून त्यांचा खर्च सहज निघू शकतो. मागच्या हंगामांसाठीही एक वाट आहे. अंडी घातल्याची तारीख आणि पिल्लं निघाल्याची तारीख यांतलं अंतर जितकं कमी, तितकी वाळू गरम, आणि या दिवसांवरून नर-मादीच्या प्रमाणाचा अंदाज बांधण्याची पद्धत जगभर रूढ आहे. कोकणातल्या कासवमित्रांच्या जुन्या नोंदवह्यांत आणि पाट्यांवर या दोन्ही तारखा आहेत. त्या गावागावांतून गोळा करून एकत्र मांडण्याचं काम एखाद्या महाविद्यालयाचे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीतही सुरू करू शकतील.