गाडीचे खरे ॲव्हरेज कसे काढायचे? टाकी फुल करा, दोन आकडे लिहून ठेवा

‘गाडी ॲव्हरेज देत नाही,’ अशी तक्रार घेऊन आपण सर्व्हिसिंगला जातो. ‘किती देते?’ असे मेकॅनिकने विचारले की उत्तर मात्र अंदाजाने देतो. दोनशेचे पेट्रोल टाकले, काटा खाली येईपर्यंत किती फिरलो ते पाहिले, झाला हिशोब! तो चुकतो कुठे आणि बरोबर कसा करायचा?

काट्यावर भरवसा का नको?

इंधनाचा काटा टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटवर चालतो. गाडी चढावर किंवा कललेली असली की तो वर-खाली होतो. नेमके लिटर समजतात ते पंपाच्या मीटरवर. म्हणून ‘टाकी फुल ते टाकी फुल’ ही पद्धत विश्वासार्ह.

कसे मोजायचे?

१. टाकी फुल करा. कारमध्ये नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की थांबा. दुचाकी मेन स्टँडवर लावून ठराविक खुणेपर्यंत भरा.

२. ओडोमीटरचा फोटो काढा.

३. नेहमीसारखी गाडी चालवा. किमान ३०० किलोमीटर होऊ द्या.

४. शक्यतो त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत पुन्हा टाकी फुल करा. पावतीवरचे लिटर लिहून घ्या.

५. मधे पेट्रोल भरले असेल तर तेही लिटर मिळवा.

समजा, पहिला आकडा १२,४८० आणि दुसरा १२,७९५. अंतर ३१५ किलोमीटर, पेट्रोल ६.३ लिटर. ३१५ भागिले ६.३, म्हणजे ॲव्हरेज ५०. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले तर किलोमीटरला २ रुपये १० पैसे.

३०० किलोमीटर कशासाठी?

टाकी दोन्ही वेळा अगदी सारखी भरत नाही. समजा, दुसऱ्या वेळी ३०० मिली जास्त गेले. १०० किलोमीटरला २ ऐवजी २.३ लिटर दिसतील आणि ५० चे ॲव्हरेज ४३.५ निघेल. ३०० किलोमीटरला ६ ऐवजी ६.३ लिटर दिसले, तरी ते ४७.६ राहील. चूक तेवढीच, पण अंतर वाढले की तिचा परिणाम कमी होतो. तीन-चार वेळा मोजल्यास एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा.

कंपनीच्या आकड्याशी का जुळत नाही?

तो आकडा प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर ठरलेल्या वेगाने चालवून काढतात. तिथे सिग्नल, खड्डे, घाट नसतात. त्यामुळे तुलना आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्यांशी करा.

आकडा घसरला तर?

आधी टायरमधली हवा, ब्रेक घासतोय का आणि एअर फिल्टर तपासा. पंपावरच शंका असेल, तर तिथल्या पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला जाताना तक्रारीसोबत हे आकडेही न्या.