थंडीचे देणे

थंडीतला सण म्हटला की तुमच्यापैकी बहुतेकांना संक्रांत आठवेल. पण धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) किंवा लातूर जिल्ह्यातल्या मुलांना विचारा. ती आधी वेळा अमावस्येचे नाव घेतील. बोलीत आम्ही तिला 'येळवस' म्हणतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला हा सण येतो. २०२४ साली तो ३० डिसेंबरला होता, २०२५ साली १९ डिसेंबरला. सीमेपलीकडे कर्नाटकात त्याला एळ्ळ अमावस्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. या दिवशी शाळा-कचेऱ्यांना स्थानिक सुटी असते, बाजारपेठा ओस पडतात आणि सगळे गाव शेतात जाते. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतातले बोलावणे असतेच.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात. तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडून पूजा होते. मग पंगत बसते. तूर, हरभरा, वाटाणा, पावटा, मेथी, कांद्याची पात असे रानात जे जे हिरवे असेल ते एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. ही आंबील आधी पिकांवर शिंपडतात, मग माणसे पितात.

आता तुम्ही विचाराल, हा सण नेमका याच वेळी का? याचे उत्तर पंचांगापेक्षा ज्वारीच्या ताटात अधिक सापडते. आमची रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते, म्हणजे पाऊस परतीच्या वाटेवर असताना. पुढे फेब्रुवारीत कापणी होईपर्यंत पावसाचा भरवसा नाही. मग हे पीक वाढते कशावर? काळ्या मातीने पावसाळ्यात साठवून ठेवलेल्या ओलीवर. या मातीचे कण अतिशय बारीक असतात, त्यामुळे कणांमधल्या सूक्ष्म पोकळ्यांत पाणी घट्ट धरून ठेवले जाते. वरचा थर सुकू लागला की खालची ओल केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते तशी, वर चढते आणि उडून जाते. कोळपणी केली की वरच्या थरातल्या या वाती तुटतात, शिवाय जमिनीला पडलेल्या भेगा बुजतात. आमच्या शेतकऱ्याने 'केशाकर्षण' हा शब्द ऐकलेला नसेल, पण कोळपे कधी धरायचे हे त्याला पक्के ठाऊक असते.

वेळा अमावस्येच्या सुमारास ही ज्वारी निसवलेली असते, कणसांत दाणे भरू लागलेले असतात. घरातल्या माणसांची भाकरी आणि गुरांचा कडबा या दिवसांत ठरतो. ओल आता संपली तर दाणा पोचट राहतो. इथे थंडी मदतीला येते. गार हवेत बाष्पीभवन मंदावते आणि जमिनीतली शिल्लक जास्त दिवस पुरते. निरभ्र रात्री पाने प्रारणाने आपली उष्णता आकाशाकडे टाकतात, भोवतालच्या हवेहूनही थंड होतात आणि त्यांच्यावर दव जमते. बाष्पाचे पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे ५९० कॅलरी उष्णता बाहेर पडते. (पाठ्यपुस्तकातला ५४० हा आकडा १०० अंशांवरचा आहे, थंडीत तो वाढतो.) म्हणजे दव पडता पडता पानाला थोडी ऊबही देते.

आंबिलीचेही तसेच आहे. ताकात ज्वारीचे पीठ कालवून ती आदल्या दिवशी करतात. ताकातले जिवाणू ती आंबवतात, आणि गारव्यात त्यांचे काम सावकाश चालते. मे महिन्यात तीच आंबील रात्रभर ठेवून पाहा, सकाळी तोंड वाकडे होईल!

संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून ती शेतातून फिरवतात. तिला हेंडगा म्हणतात. यामुळे पिकाला ऊब मिळते असे काही जण सांगतात. आपण हिशेब करू. दोन किलो कडबा जळून सुमारे ७,००० किलोकॅलरी उष्णता मिळेल. निरभ्र रात्री एक एकर रान जितकी उष्णता आकाशाकडे गमावते तितकी भरून काढायची तर ही सगळी उष्णता दोन-तीन मिनिटेच पुरेल. तेव्हा हेंडगा हा शेकोटीचा उपाय नव्हे, शेताला केलेले ते औक्षण आहे. त्याला शास्त्राचा मुलामा देण्याची काही गरज नाही.

अलीकडे सोयाबीन आणि ऊस वाढले, ज्वारीचे रान आटले. ज्याने ज्वारी पेरलीच नाही त्याला कोपीसाठी कडबा दुसऱ्याकडून आणावा लागतो.

आमच्याकडे थंडी ओल राखते म्हणून सण होतो. पण जिथे थंडीत नदीच गोठते, तिथले लोक काय साजरे करत असतील? चीनच्या ईशान्येला सोंगहुआ नदीकाठी हार्बिन नावाचे शहर आहे. धाराशिव साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर, तर हार्बिन ४५ अंशांच्याही वर. तिथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. शेती बंद, पण बर्फ वाटेल तेवढा! तिथले कोळी पूर्वी बर्फाचे कंदील करत असे सांगतात. बादलीभर पाणी उघड्यावर ठेवायचे, कडेने बर्फ धरला की मधले न गोठलेले पाणी ओतून टाकायचे आणि त्या पोकळीत दिवा लावायचा. वारा आत शिरत नाही आणि बाहेरच्या थंडीमुळे कंदील सहसा वितळत नाही. १९६३ साली शहरातल्या बागेत अशा कंदिलांचे प्रदर्शन भरले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ते बंद पडले, आणि ५ जानेवारी १९८५ पासून दरवर्षीचा बर्फोत्सव सुरू झाला. नदीतून कापलेल्या लाद्यांचे मनोरे आणि वाडे उभारतात. दोन लाद्यांमध्ये चुना-सिमेंट नाही, नुसते पाणी घालायचे. ते गोठले की सांधा पक्का!

बादलीतले मधले पाणी मागे का राहते? एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी अप्रकट उष्णता सोडते. ती बाहेर जाण्याची वाट आधी जमलेल्या बर्फातूनच असते आणि बर्फ उष्णतेचा फारसा चांगला वाहक नाही. भिंत जाड होत जाते तसतसे गोठणे रेंगाळते.

घरी फ्रीज असेल तर हे करून पाहता येईल. एका छोट्या प्लास्टिकच्या डब्यात पाणी भरून तो बर्फाच्या कप्प्यात ठेवा. काचेचे भांडे मात्र घेऊ नका, कारण गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि काच तडकते. दर अर्ध्या तासाने डोकवा. भिंत बोटाएवढी जाड झाली की वरच्या पापुद्र्याला भोक पाडून आतले पाणी ओता. डबा बाहेरून क्षणभर साध्या पाण्यात धरला की कंदील सुटून येईल. आपल्या हवेत तो किती मिनिटे टिकतो, ते घड्याळ लावून वहीत लिहा.