नाव बदलले, पत्ता टिकला

पावसाळ्यात ओल्या भिंतीवर किंवा आंब्याच्या खोडावर जे जे हिरवे दिसते, त्याला आपण सरसकट 'शेवाळ' म्हणतो. नीट पाहिले तर त्यात यकृतकाही सापडतात. या बीज नसलेल्या, चिमुकल्या वनस्पती. काही चपट्या फितीसारख्या, तर बहुतेक पानांच्या.

१८५७ साली रिचर्ड स्प्रूस हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ इक्वेडोरमधून प्रवास करीत असताना टोपो नदीच्या पुरामुळे अडकून पडला. या नदीकाठी त्याने एक आगळी यकृतका गोळा केली. पुढे तिला नाव मिळाले 'मिरिओकोलिया इरोराटा'. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे ती कोणाला दिसली नाही. मग २००२ मध्ये ती पुन्हा सापडली, त्याच नदीकाठी! मेंदीच्या कुलातील क्यूफियाच्या झुडपांवर ती वाढत होती. पूर आला की ही झुडपे पाण्याखाली जातात.

यकृतका ओळखायची कशी? भिंगातून पाहा: पानांच्या दोन रांगा दिसतात. खोडाच्या खालच्या बाजूस लहान पानांची तिसरी रांग आहे का? पानाचा काठ दुमडून खिसा झाला आहे का? मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशींतील तैलपिंड पाहा. त्यांची संख्या, आकार व रंग टिपा. नमुना वाळला की तैलपिंड बहुधा नाहीसे होतात, म्हणून हे काम ताज्या नमुन्यावरच करावे.

तरीही ओळख चुकू शकते. 'कोलुरा' या प्रजातीच्या पानांना पाण्याच्या पिशव्या असतात. मिरिओकोलियाला त्या नाहीत. म्हणून दोन्ही वेगळ्या मानल्या गेल्या. २०१२ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून कळले की मिरिओकोलिया ही कोलुराचीच एक जात आहे. नाव बदलले; पण 'टोपो नदी' ही नोंद बदलली नाही. नदीवर जलविद्युत प्रकल्पाची योजना पुढे आली, तेव्हा तिथे काय गमावले जाईल हे सांगता आले, ते या नोंदीमुळेच.

विद्यार्थ्यांबरोबर हे जरूर करून पाहा. चिमूटभरच नमुना घ्या, कागदी पाकिटात वाळवा आणि पाकिटावर लिहा: ठिकाण, तारीख, उंची, कशावर वाढली होती, गोळा करणाऱ्याचे नाव. जातीचे नाव कळले नाही तर ती जागा कोरी ठेवा. नाव नंतरही शोधता येते. न लिहिलेले ठिकाण मात्र कायमचे हरवते.