उन्हाळ्याच्या सुटीत ऊर्जेचा हिशेब

परीक्षा संपल्या आणि सुटी लागली. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या भागात राहणाऱ्या मुलांना मे महिन्याची सुटी म्हणजे काय ते सांगायला नको. पारा 45 अंशांच्या पुढे जातो, दहा वाजल्यापासून रस्ते ओस पडतात आणि घरातली मोठी माणसे "उन्हात जाऊ नका" म्हणून बजावत राहतात. पण हे ऊन म्हणजे नेमके किती? चुलीत जळणाऱ्या लाकडातून किती उष्णता मिळते? आपल्या अंगात किती जोर आहे? "पुष्कळ" हे उत्तर विज्ञानात चालत नाही. तिथे आकडा लागतो. या सुटीत हे आकडे आपण स्वतः काढू या. त्यासाठी तापमापक, तराजू, घड्याळ आणि वही एवढे साहित्य पुरे. चारपाच जणांचा गट केला तर फारच छान.

सुरुवातीलाच एक सूचना. तापमापक शाळेच्या प्रयोगशाळेतला, 0 ते 110 अंशांचा, गुरुजींना विचारून घ्या. ताप मोजायचा तापमापक यासाठी वापरू नका. तो 42 अंशांच्या पुढे मोजत नाही, आणि गरम पाण्यात घातला तर फुटतो.

प्रयोग पहिला : विहीर आणि ज्यूल

ऊर्जा मोजण्याचे एकक ज्यूल. एक किलो वजन जमिनीपासून सुमारे 10 सेंटिमीटर वर उचलले की एक ज्यूल ऊर्जा खर्च होते. आता विहिरीवर जा, मात्र मोठ्या माणसाला सोबत घेऊनच. दोराला गाठी मारून पाणी किती खोल आहे ते मोजा. समजा 8 मीटर आहे. दहा लिटरची भरलेली बादली म्हणजे 10 किलो पाणी. ते 8 मीटर वर ओढायला 10 × 10 × 8, म्हणजे सुमारे 800 ज्यूल लागतात. (वजनाच्या किलोंना 10 ने का गुणायचे, हे वरच्या वर्गातल्या मुलांना ठाऊक आहे. गुरुत्वाकर्षणाचा तो ढोबळ आकडा आहे.) बादली वर यायला 8 सेकंद लागले, तर तुमची शक्ती सेकंदाला 100 ज्यूल, म्हणजेच 100 वॅट झाली.

दुसरीकडे, एक लिटर पाणी फक्त एक अंशाने तापवायला 4186 ज्यूल लागतात. म्हणजे पाच बादल्या ओढून झाल्या, हात भरून आले, तरी तेवढ्या कष्टातून एक लिटर पाणी धड एक अंशही तापणार नाही! काम आणि उष्णता ही एकाच ऊर्जेची दोन रूपे आहेत आणि त्यांचा भाव ठरलेला आहे, हे 1840 च्या दशकात इंग्लंडमधील जेम्स ज्यूल यांनी दाखवले. खाली सरकणाऱ्या वजनांच्या जोरावर त्यांनी पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापले ते अतिशय नाजूक तापमापकाने मोजले. ऊर्जेच्या एककाला त्यांचेच नाव दिले आहे.

हा 4186 चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचे बहुतेक हिशेब त्याच्याच मदतीने करायचे आहेत.

प्रयोग दुसरा : ऊन मोजू या

40 सेंटिमीटर लांब आणि 25 सेंटिमीटर रुंद असे दोन सारखे पत्र्याचे ट्रे घ्या. अशा ट्रेचे क्षेत्रफळ बरोबर एक दशांश चौरस मीटर भरते. दोन्ही आतून काळे रंगवा, रंग पूर्ण वाळू द्या आणि खाली तणसाची जाड गादी घाला. प्रत्येकात एक लिटर पाणी ओतून वर काच ठेवा. एक ट्रे भर दुपारी उन्हात ठेवा आणि दुसरा सावलीत. दहा मिनिटांनी दोन्हींतले पाणी ढवळून तापमान मोजा.

सावलीतला ट्रे कशासाठी? मे महिन्यात हवाच इतकी तापलेली असते की माठातले पाणी सावलीतही गरम होते. ती वाढ उन्हाच्या खात्यावर मांडता येणार नाही. म्हणून उन्हातल्या ट्रेच्या वाढीतून सावलीतल्या ट्रेची वाढ वजा करायची. फ्रान्समध्ये क्लोद पूइये यांनी असेच केले होते. त्यांचे उपकरण म्हणजे पाणी भरलेली काळी डबी आणि तिच्यात बसवलेला तापमापक. डबी आधी सावलीत आणि मग उन्हात धरून त्यांनी सूर्याची शक्ती मोजली. 1838 मध्ये त्यांनी सांगितलेला आकडा आजच्या एककात चौरस मीटरला सुमारे 1228 वॅट होतो. वातावरणाच्या वर पोचणाऱ्या उन्हाचा आजचा आकडा 1361 वॅट आहे. एवढ्याशा डबीतून काढलेला तो आकडा दहा टक्क्यांच्या आतबाहेर बरोबर निघाला!

समजा तुमची निव्वळ वाढ 10 अंश आली. मग पाण्याने 41,860 ज्यूल घेतले. 600 सेकंदांनी भागले की सुमारे 70 वॅट येतात. ट्रे एक दशांश चौरस मीटरचा, म्हणून एका चौरस मीटरला 700 वॅट. खरे ऊन याहून जास्त, 900 ते 1000 वॅटच्या जवळपास असते. काही भाग काचेवरून परत जातो आणि काही ट्रेमधून निसटतो. तुमचा आकडा कमी आला तर निराश होऊ नका. उष्णता कुठून निसटली असेल ते शोधा.

आणखी एक गंमत पाहायला विसरू नका. 23 मेच्या सुमारास नागभीडला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी बारा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ट्रे उन्हात ठेवा, पण स्वतः मात्र सावलीत बसा, डोक्याला रुमाल बांधा आणि पाणी पीत राहा.

प्रयोग तिसरा : चुलीची परीक्षा

आता आईच्या किंवा आजीच्या परवानगीने, त्यांच्या देखतच, चुलीकडे वळू या. गंजात 5 लिटर पाणी घ्या आणि त्याचे तापमान लिहा. वाळलेले सरपण तोलून घ्या. चूल पेटवा. पाण्याला उकळी फुटली की उरलेले लाकूड विझवून पुन्हा तोला.

पाणी 30 अंशांपासून 100 पर्यंत तापले तर त्याने 5 × 70 × 4186, म्हणजे सुमारे 14 लाख 65 हजार ज्यूल घेतले. वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे दीड कोटी ज्यूल असतात. समजा एक किलो लाकूड जळले. म्हणजे शंभरातले जेमतेम दहा ज्यूल पाण्याला मिळाले आणि नव्वद वाया गेले! तीन दगडांच्या साध्या चुलीचा हिशेब साधारण असाच येतो.

हे नव्वद गेले कुठे? काही ज्वाळा गंजाला न लागताच बाजूने वर गेल्या. काही उष्णता दगडांनी आणि जमिनीने घेतली. पुरती न जळलेली वाफ धूर होऊन घरात पसरली. तोच धूर स्वयंपाक करणाऱ्यांच्या डोळ्यांत आणि छातीत जातो.

आता हाच प्रयोग दोन प्रकारे पुन्हा करा, एकदा गंजावर झाकण ठेवून आणि एकदा ओलसर लाकूड वापरून. ताज्या तोडलेल्या लाकडाचे निम्म्यापर्यंत वजन नुसत्या पाण्याचे असते. हे पाणी आधी वाफ होऊन उडावे लागते, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 22 लाख 60 हजार ज्यूल खर्ची पडतात. लाकडातली उष्णता लाकडालाच वाळवण्यात जाते. पावसाळ्याच्या आधी सरपण वाळवून छपराखाली रचून ठेवण्याची आपल्याकडची रीत किती शहाणपणाची आहे, ते या आकड्यांवरून कळेल.

प्रयोग चौथा : तणसाची पेटी

भाताला एकदा उकळी आली की मग जाळ कशासाठी लागतो? पाणी 100 अंशांच्या वर तापत नाही. त्यामुळे पुढचा जाळ भांड्याच्या अंगातून निसटणारी उष्णता तेवढी भरून काढतो. मग ती निसटूच दिली नाही तर?

आपल्या धानाच्या मुलखात याचे साहित्य फुकट मिळते. जुनी लाकडी पेटी किंवा मोठी टोपली घ्या. तिच्यात तणस किंवा गिरणीतला धानाचा भुसा दाबून भरा आणि मधे गंजाएवढी जागा ठेवा. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग भुसाच असतो, तेव्हा गिरणीवर त्याला तोटा नाही. तांदूळ चुलीवर पाच मिनिटे खळाखळा उकळू द्या, घट्ट झाकण लावा, गंज पेटीत ठेवा आणि वरून तणस भरलेली उशी दाबा. तासाभराने उघडा. भात शिजलेला असेल! तणसात आणि भुशात अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. भात गरम असतानाच खा, पेटीत रात्रभर ठेवू नका.

मोजमापही करा. उकळते पाणी भरलेले दोन सारखे गंज घ्या. एक पेटीत आणि दुसरा उघड्यावर ठेवा. दर अर्ध्या तासाने तापमान लिहा आणि आलेखाच्या कागदावर दोन रेषा काढा. त्या दोन रेषांमधले अंतर म्हणजे वाचलेले सरपण.

प्रयोग पाचवा : सूर्याची चूल

पुठ्ठ्याचे दोन खोके घ्या, एक मोठे आणि एक लहान. लहान खोके मोठ्याच्या आत बसवा आणि मधल्या जागेत भुसा भरा. आत काळा पत्रा आणि काळे झाकणबंद भांडे ठेवा. वर काच बसवा. मोठ्या खोक्याच्या झाकणाला आतून चकचकीत कागद चिकटवा आणि त्यावरून ऊन आत पडेल असे ते तिरके उभे करा. काच ऊन आत येऊ देते, पण तापलेल्या पत्र्यातून निघणारे उष्णतेचे किरण बाहेर सोडत नाही. स्वित्झर्लंडच्या होरेस द सोस्यूर यांनी 1767 मध्ये काचेच्या अशाच पेट्यांतून 110 अंशांच्या आसपास तापमान मिळवले होते.

मे महिन्यातल्या स्वच्छ दिवशी एक चौरस मीटर जमिनीवर ढोबळ मानाने 2 कोटी ज्यूलच्या वर ऊन पडते. म्हणजे जवळजवळ दीड किलो सरपणाएवढी ऊर्जा! पण ही चूल सकाळी लवकर, रात्री आणि श्रावणात कामाची नाही. तिची ही मर्यादाही वहीत लिहा. जमेसोबत खर्चही मांडला तरच हिशेब खरा.

प्रयोग सहावा : विजेचे मीटर

घरातली सगळी उपकरणे बंद करा आणि 60 वॅटचा एकच जुना दिवा लावा. मीटरला हात लावू नका, लांबूनच पाहा. त्यावर एक लाल ठिपका लुकलुकतो. किती लुकलुकींचे एक युनिट होते तो आकडा मीटरवर छापलेला असतो. तो 3200 असेल तर या दिव्याने सुमारे 19 सेकंदांना एकदा ठिपका चमकेल. आता तेवढाच उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी दिवा लावा. दोन लुकलुकींच्या मधे दोन मिनिटांहून जास्त वेळ जाईल.

एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. आपल्या 8 मीटर खोल विहिरीतून साडेचार हजार बादल्या ओढण्याएवढी ही ऊर्जा आहे! चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच 1983 मध्ये सुरू झाला. आज त्या केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. पण कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज बनतो, बाकीची हवेत आणि पाण्यात जाते. म्हणून घरात वाचवलेल्या एका युनिटमागे खाणीतली तीन युनिटांची उष्णता वाचते.

हिशेब कशासाठी?

आता वहीचे शेवटचे पान उघडा. आठवडाभर घरचे सरपण रोज तोला. गॅस असला तरी पाणी तापवायला चूल पेटतच असेल, तीही मोजा. समजा रोज 5 किलो लाकूड लागते. वाळलेले लाकूड, झाकण आणि तणसाची पेटी यांनी त्यातले एक किलो वाचले. वर्षाचे 365 किलो झाले. 20 किलोची एक मोळी धरली तर 18 मोळ्या.

18 मोळ्या म्हणजे जंगलाच्या 18 फेऱ्या. आपल्या भागात या आकड्याला फार मोठा अर्थ आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीच्या जंगलांत वाघ आहेत, आणि सरपण, मोहफुले, तेंदूपाने गोळा करायला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावल्याच्या घटना गेल्या काही वर्षांत वारंवार घडल्या आहेत. त्यांत बायाही आहेत. एक फेरी कमी झाली की डोक्यावरचे एक ओझे कमी होते, एक झाड उभे राहते आणि घरातले माणूस एक दिवस कमी धोक्यात जाते. तुमच्या तापमापकाचा आणि तराजूचा उपयोग असा थेट घरापर्यंत पोचतो.

1993 पासून भरवल्या गेलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेसचा 2012 आणि 2013 चा मुख्य विषय ऊर्जा हाच होता. मुलांनी गटाने आपल्याच गावातला प्रश्न घ्यावा, मोजमाप करावे आणि उत्तर सुचवावे, अशी तिची पद्धत. तुमच्या वहीतूनही असा प्रकल्प सहज तयार होईल. साधने थोडी आहेत म्हणून अडून बसू नका. नागभीड तालुक्यातल्याच नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे फारसे शाळेत गेले नव्हते. आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्यांनी निरखल्या, त्यांचे बी निराळे ठेवले, वर्षानुवर्षे लावून पाहिले, आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ तयार झाला. नीट पाहणे, निराळे ठेवणे, पुन्हा पुन्हा करून पाहणे, हीच विज्ञानाची रीत आहे.

शाळा उघडेल तेव्हा वही वर्गात दाखवा आणि मित्रांचे आकडे आपल्या आकड्यांशी ताडून पाहा. एकाच्या चुलीत शंभरातले दहा आणि दुसरीकडे पंधरा ज्यूल कामी आले असतील, तर त्या दुसऱ्या घरी जा. तिथली चूल कशी बांधली आहे, लाकूड कसे ठेवतात, ते बारकाईने पाहून या.