जबड्याची घडी नव्याने बसवताना

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या आठवडी बाजारात शेळ्या विकायला बसतात त्या बाजूला थोडा वेळ उभे राहा. गिऱ्हाईक उस्मानाबादी शेळीचा ओठ बाजूला सारते, पुढचे दात पाहते आणि ‘दोन दाती आहे’, ‘चार दाती आहे’ असे म्हणून तिच्या वयाचा अंदाज सांगते. नीट पाहिले तर हे पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. तेथे हिरडीची चिवट, टणक गादी असते. खालचे दात या गादीवर टेकले, की पाला तुटतो. दोन्ही जबडे एकमेकांसमोर नीट आले नाहीत, तर शेळीला चरणे अवघड जाते.

माणसाच्या तोंडाची रचना निराळी आहे. आरशासमोर उभे राहून मागच्या दाढा सावकाश एकमेकींवर टेकवा आणि ओठ उघडून पाहा. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे असतात आणि त्यांचा वरचा दोन-तीन मिलिमीटर भाग झाकतात. कात्रीची दोन पाती एकमेकींजवळून सरकावीत, तसे हे दात काम करतात. म्हणूनच आपल्याला पेरूचा लचका तोडता येतो.

सर्वांच्याच तोंडात ही घडी अशी बसलेली नसते. समजा, कळंब तालुक्यातील एका गावात पंचवीस वर्षांची एक शिक्षिका आहे. तिचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे गेलेला आहे आणि पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत. ती भाकरी हाताने मोडून मागच्या दाढांनी खाते. शेवया तिला दातांनी तोडता येत नाहीत. थोड्याच दाढांवर सगळा भार येत असल्याने त्या झिजू लागल्या आहेत. ‘स’ उच्चारताना हवा निसटते. दंतवैद्यांनी तिला सांगितले, की नुसत्या तारांनी हे सुधारणार नाही. तारा आणि जबड्याची शस्त्रक्रिया असे दोन्ही करावे लागेल. आता तिने काय ठरवावे? त्यासाठी प्रथम या उपचारामागचे विज्ञान समजून घेऊ.

हाडातून दात सरकतो कसा?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि भोवतालचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेने दातावर हलका पण सतत दाब दिला, की एका बाजूचे तंतू दबतात आणि दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. दबलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, तर ताणलेल्या बाजूला हाड घडवणाऱ्या पेशी नवे हाड रचतात. पुढे खोदत आणि मागे भरत दात सरकतो.

कार्ल सँडस्टेट या स्वीडिश दंतवैद्याने कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे बदल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९०४ साली प्रसिद्ध केले. दाब फार वाढवला तर तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि दात सरकण्याचे काम उलट रेंगाळते, हेही त्यातून दिसले. म्हणून तारा घट्ट आवळून घाई करता येत नाही. दात साधारणपणे महिन्याला एक मिलिमीटर सरकतो.

हाड जिवंत आहे तोवर हे काम चालू राहते. त्यामुळे तारा फक्त शाळकरी मुलांनाच लावतात, हा समज खरा नाही. पंचविशीत किंवा चाळिशीतही दात सरकतात; फक्त हिरड्या आणि हाड निरोगी असावे लागते.

मग शस्त्रक्रिया कशासाठी?

तारा दात हलवतात, जबडा नाही. दाराची चौकटच तिरकी असेल, तर दार तासून किती भागणार? वाढत्या वयात काही मुलांच्या जबड्यांच्या वाढीला विशिष्ट उपकरणांनी वळण देता येते. परंतु वाढ थांबली, की हा मार्ग बंद होतो. खालच्या जबड्याची वाढ चेहऱ्याच्या इतर हाडांपेक्षा उशिरा थांबते. मुलींमध्ये साधारण सोळा-सतराव्या वर्षी आणि मुलग्यांमध्ये अठरा ते वीस वर्षांपर्यंत.

ती थांबली की नाही, हे डोक्याच्या बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून ठरवतात. प्रत्येक वेळी डोके एकाच स्थितीत धरून अशी चित्रे घेण्याची पद्धत अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राट यांनी १९३१ साली स्वतंत्रपणे मांडली. काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांतील मोजमापे सारखी आली, तर वाढ थांबली असे समजतात. जबडा वाढत असतानाच शस्त्रक्रिया केली, तर नंतरच्या वाढीने बसवलेली घडी पुन्हा मोडू शकते. म्हणजे या विशिष्ट उपचाराला मोठे वय ही अडचण नसून बहुधा ती अटच असते.

आधी बिघाड, मग सुधारणा

या उपचाराचा सर्वांत चमत्कारिक भाग पुढेच आहे. जबडे पुढेमागे असले, की दात आपल्या परीने ती उणीव भरून काढतात. खालचा जबडा पुढे असेल, तर खालचे पुढचे दात आत झुकतात आणि वरचे बाहेर कलतात. त्यामुळे मूळचा फरक थोडा झाकला जातो. शस्त्रक्रियेपूर्वी तारा लावून हे कललेले दात आपापल्या जबड्यावर सरळ उभे करतात. साहजिकच झाकलेला फरक उघडा पडतो. खालचे दात आणखी पुढे दिसतात, चावणे अधिक कठीण होते आणि चेहराही पूर्वीपेक्षा बिघडल्यासारखा वाटतो.

ही अवस्था बहुधा वर्ष-दीड वर्ष टिकते. आपल्या शिक्षिकेला या काळात रोज वर्गासमोर उभे राहायचे आहे. ‘तारा लावून उलटेच झाले की!’ असे कोणी म्हणाले, तर त्यामागचे कारण तिला आधीच ठाऊक असले पाहिजे. अर्धवट सोडण्यासारखा हा उपचार नाही.

हाड कापून पुन्हा जोडणे

जबड्याची ठेवण सुधारण्यासाठी हाड कापल्याची पहिली नोंद १८४९ सालची आहे. अमेरिकेत सायमन हलिहेन यांनी विशीतील एका स्त्रीवर ही शस्त्रक्रिया केली. लहानपणी भाजल्यामुळे तिच्या मानेवर पडलेल्या व्रणाने खालचा जबडा ओढला जाऊन विद्रूप झाला होता. पुढे १९०१ साली रेने ल फोर या फ्रेंच शल्यचिकित्सकाने मृतदेहांवर प्रयोग करून चेहऱ्याची हाडे आघाताने कोणत्या रेषांवर तुटतात, हे दाखवले. त्यांतील सर्वांत खालची रेषा वरच्या दातांच्या मुळांच्या वरून आडवी जाते. आज वरचा जबडा सुटा करताना जवळजवळ याच रेषेवर हाड कापतात. अपघाताच्या अभ्यासातून उपचाराचा नकाशा मिळाला!

खालच्या जबड्यासाठी ह्यूगो ओब्वेगेसर यांनी १९५० नंतरच्या दशकात तोंडाच्या आतून करण्याची एक युक्ती शोधली. ती समजण्यासाठी आगपेटी हातात घ्या. आतला खण बाहेरच्या कवचातून थोडा पुढे किंवा मागे सरकवला, तरी दोघांच्या बाजू एकमेकींना चिकटूनच राहतात. जबड्याच्या मागच्या भागाचे हाड असेच लांबीच्या दिशेने आतला आणि बाहेरचा अशा दोन पापुद्र्यांत विभागतात आणि दात असलेला भाग हवा तेवढा सरकवतात. हाडाचे मोठे पृष्ठभाग एकमेकांना लागून राहिल्याने ते लवकर सांधतात. काप तोंडाच्या आत असल्याने चेहऱ्यावर मोठा व्रण राहत नाही.

पण कापलेले हाड जिवंत कसे राहते? अमेरिकेतील विल्यम बेल यांनी १९६९ पासून माकडांवर केलेल्या प्रयोगांतून याचे उत्तर मिळाले. टाळू, हिरडी यांसारखे मऊ भाग हाडाला जोडलेले ठेवले, तर त्यांच्यातून हाडाला रक्त मिळत राहते. नव्या जागी बसवलेले हाड टायटॅनियमच्या लहान पट्ट्या आणि स्क्रू यांनी धरून ठेवतात, कारण शरीर हा धातू सहज स्वीकारते. हाड सांधायला सुमारे सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत कण्या, पातळ खिचडी, वरण असा मऊ आहार घ्यावा लागतो. कडक भाकरी आणि भुईमुगाच्या शेंगा यांना सुट्टी! त्यानंतरही काही महिने तारा ठेवून दातांची शेवटची जुळणी करतात.

तराजूची दोन पारडी

एका पारड्यात नीट चावणे, स्पष्ट उच्चार आणि दाढांची झीज थांबणे हे फायदे आहेत. जबडा फार मागे असलेल्या काही माणसांचा झोपेत श्वास अडतो. त्यांना जबडा पुढे आणल्याने मोकळा श्वास घेता येतो.

दुसऱ्या पारड्यात पूर्ण भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचे धोके आहेत. खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्शाची जाणीव देणारा मज्जातंतू जबड्याच्या हाडातूनच जातो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर ओठ बधिर होणे ही नेहमीची बाब आहे. बहुतेकांची जाणीव काही महिन्यांत परतते, पण काहींच्या बाबतीत थोडा बधिरपणा कायम राहतो. जबडा काही अंशी मूळ जागेकडे सरकण्याचीही शक्यता असते.

वेळ आणि पैसा हेही त्याच पारड्यात टाकायला हवेत. दंत महाविद्यालय जवळ म्हटले तर लातूरला आहे. शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला. उपचार दोन वर्षांचा आणि दर महिन्याला एक खेप धरली, तर चोवीस खेपा झाल्या. तेवढ्या रजा, तेवढी एस.टी.ची तिकिटे आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे काम बंद!

म्हणून होकार देण्यापूर्वी तिने काही प्रश्न विचारावेत. माझ्या बाबतीत नुसत्या तारांनी कितपत भागेल? काहीच केले नाही, तर दहा वर्षांनी काय होईल? ओठ बधिर राहिला, तर मला चालेल का? दात जुळवणारे आणि शस्त्रक्रिया करणारे, दोन्ही तज्ज्ञ एकत्र बसून योजना आखणार आहेत का? हे सारे ऐकून ‘नको’ म्हणणे हाही एक समंजस निर्णय असू शकतो. मात्र ‘लग्न जमत नाही, करून टाक’ असे शेजारीपाजारी म्हणतात, एवढे कारण पुरेसे नाही. संमतिपत्रावर सही तिची असते आणि दोन वर्षांचा त्रासही तिलाच सोसायचा असतो.

विद्यार्थी मित्रांनो, जबड्यांची ठेवण पुष्कळशी आनुवंशिक असते, पण सगळीच नाही. लहानपणी हनुवटीवर जोराने पडल्यास कानापुढील सांध्याला इजा होऊन जबड्याची वाढ खुंटू शकते. असे कोणी पडले आणि त्याचे तोंड नीट उघडेनासे झाले, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. बरीच वर्षे अंगठा चोखत राहिल्यानेही दातांची ठेवण बदलते. सातव्या-आठव्या वर्षी एकदा दंतवैद्यांकडून मुलांचे जबडे तपासून घेतले, तर काही दोष वाढीच्या काळातच आवरता येतात. आणि वर्गात कोणाला ‘दाताळ’ म्हणून चिडवण्यापूर्वी एक ध्यानात घ्या, की हाडाची ही ठेवण त्याने स्वतः निवडलेली नसते.